व्यसन सुटलं, राग मात्र वाढला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारू, तंबाखू, गांजा, अफूजन्य पदार्थ किंवा झोपेच्या गोळ्या सोडलेल्या माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना पडणारे हे प्रश्न आहेत. रागावरचं बरंचसं काम राग येण्याआधीच्या आणि तो ओसरल्यानंतरच्या तासांत होतं. ऐन रागात करता येण्यासारखं फार थोडं असतं, आणि बहुतेक माणसं नेमकी तिथेच सगळी ताकद लावतात.

दारू सोडली की राग शांत होईल असं सगळे सांगत होते. उलट वाढलाच. असं का?

पहिलं कारण शरीराचं. मेंदूत शांत करणारी एक यंत्रणा असते, गाबा नावाच्या रसायनावर चालणारी, आणि चेतवणारी दुसरी, ग्लुटामेटवर चालणारी. दारू पहिलीला जोर देते आणि दुसरीला दाबते. हे वर्षानुवर्षं रोज घडलं की मेंदू तोल सांभाळण्यासाठी उलट बाजूनं जोर लावतो. मग एक दिवस दारू बंद होते, पण मेंदूचा तो उलटा जोर लगेच थांबत नाही. ब्रेक ढिले आणि ॲक्सिलरेटर दाबलेला, अशी गाडी होते. भांडं पडलं, दार आपटलं, कुणी एकच गोष्ट दोनदा विचारली, तरी मस्तकात तिडीक जाते.

दुसरं कारण सवयीचं. अपमान, भीती, लाज, कंटाळा या सगळ्यांवर इतकी वर्षं एकच औषध होतं. व्यसन सोळाव्या-सतराव्या वर्षी लागलं असेल, तर राग गिळायचा कधी आणि बोलून दाखवायचा कधी हे शिकण्याचं वयच नशेत गेलेलं असतं. चाळिशीतला माणूस पोरासारखा चिडतो यात फारसं नवल नाही. त्यात आवेग आवरणारा, कपाळामागचा मेंदूचा भाग दीर्घ व्यसनानं मंदावलेला असतो. तो सावरतो, पण त्याला आठवडे आणि महिने लागतात.

हा त्रास किती दिवस चालतो?

काय सोडलंय त्यावर आहे.

दारूचा विथड्रॉवल, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, शेवटच्या घोटानंतर साधारण ६ ते २४ तासांत सुरू होतो आणि २४ ते ७२ तासांत सर्वांत जास्त असतो. या काळातली चिडचिड हा स्वभाव नव्हे, लक्षण आहे. झटके येण्याचा धोका ६ ते ४८ तासांत असतो. भ्रम होणं, नसलेलं दिसणं, वेळ-जागेचं भान सुटणं हे सहसा ४८ ते ९६ तासांत घडतं. अशा वेळी माणूस अंगावर धावून आला तर समजूत घालत बसू नका, थेट रुग्णालयात न्या. रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांशिवाय एकदम थांबू नये, ते याचसाठी. झोपेच्या आणि चिंतेच्या गोळ्यांचंही तसंच. त्या एकदम बंद केल्या तर झटके येऊ शकतात, म्हणून डोस टप्प्याटप्प्यानं उतरवतात.

तंबाखू सोडल्यावर राग पहिल्या २४ तासांतच डोकं वर काढतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातो आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतो. गांजाचं लोकांना खरं वाटत नाही, पण चिडचिड आणि आक्रमकपणा ही त्याच्या विथड्रॉवलची ठळक लक्षणं आहेत. ती एक ते तीन दिवसांत सुरू होतात, पहिल्या आठवड्यात वाढतात आणि दोनेक आठवड्यांत निवळतात. झोप मात्र त्याहून जास्त दिवस बिघडलेली राहते. हेरॉइनसारख्या पदार्थांचा तीव्र त्रास साधारण आठवडाभराचा असतो. उत्तेजक पदार्थ सोडल्यावर आधी माणूस गळून जातो, खूप झोपतो आणि उठवलं की खेकसतो.

यानंतर उरते ती लाटांसारखी येणारी चिडचिड. चार दिवस बरे जातात, पाचव्या दिवशी काही कारण नसताना सकाळपासून डोकं फिरलेलं असतं. हे काही महिने चालू शकतं. प्रत्येक लाट आधीच्यापेक्षा लहान किंवा विरळ होत असेल तर गाडी नीट चालली आहे. सहा महिन्यांनंतरही लाटा तेवढ्याच उंच असतील, तर पुढे वेगळ्या आजारांबद्दल लिहिलंय ते वाचा.

रागामुळे माणूस पुन्हा व्यसनाकडे वळतो, हे कितपत खरं?

बरंच खरं. व्यसन पुन्हा सुरू होण्याच्या प्रसंगांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९८० च्या सुमारास असं आढळलं, की सुमारे ३५ टक्के प्रसंग राग, निराशा, चिंता अशा नकोशा भावनांतून आणि सुमारे १६ टक्के कुणाशी तरी झालेल्या भांडणातून सुरू झाले होते. म्हणजे निम्मे प्रसंग इथेच आले. मित्रांच्या आग्रहाचा वाटा यापेक्षा कितीतरी कमी होता, आणि तयारी मात्र बहुतेक जण मित्रांना नाही म्हणण्याचीच करतात.

राग थेट बाटलीपर्यंत नेत नाही, मधे एक वाक्य असतं. “एवढं सोडूनही यांना किंमत नाही, मग सोडलं कशाला?” किंवा “दाखवतोच आता पिऊन.” हे वाक्य म्हणजे परवाना. राग आवरला नाही तरी एक वेळ चालेल, हे वाक्य मनात उमटलं की ते ओळखता आलं पाहिजे. तुमचं वाक्य कोणतं, ते आजच शब्दशः लिहून ठेवा.

याची उलटी बाजूही असते. तलफ आधी येते आणि भांडण मागाहून शोधलं जातं. संध्याकाळच्या ठरावीक वेळी घरात रोज काहीतरी बिनसत असेल, आणि तीच जुनी पिण्याची वेळ असेल, तर तो राग नसून तलफ आहे. तिच्यावर उपाय तलफेचा करायचा. ती साधारण १५ ते ३० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ जागा बदला, हातांना काम द्या, कुणाला तरी फोन लावा. भांडण मिटवायच्या मागे लागू नका, कारण भांडायला मुळात काही नसतंच.

मला राग येतोय हे कळतच नाही, एकदम स्फोट होतो. मग आवरू कसा?

एकदम काही होत नसतं. एकदम वाटतं, कारण खालच्या पायऱ्या लक्षात येत नाहीत. त्यासाठी १ ते १० ची मोजपट्टी वापरतात. १ म्हणजे पूर्ण शांत, १० म्हणजे ताबा सुटला : आरडाओरडा, फेकाफेक, हात उचलणं. मधल्या आकड्यांना तुम्ही स्वतःच्या खुणा द्यायच्या. कुणाचा ३ वर जबडा आवळतो, ४ वर उत्तरं तुटक होतात, ५ वर तो खोलीत येरझारा घालू लागतो, ६ वर जुन्या गोष्टी उकरून काढतो, ७ वर आवाज चढतो. कुणाचे कान तापतात. कुणी उलट अगदी हळू आणि गोड बोलायला लागतो, ते घरच्यांना जास्त भीतीदायक वाटतं.

आपल्या खुणा स्वतःला सापडत नसतील तर घरातल्या माणसाला विचारा, “मी चिडायच्या आधी कसा दिसतो?” उत्तर तयारच असतं. मुलांना तर बापाच्या चपलांच्या आवाजावरून कळतं.

दोन आठवडे दिवसातून तीनदा, ठरावीक वेळी, फक्त आकडा लिहा. राग आला तर आणखी चार गोष्टी लिहा : काय घडलं, अंगात काय जाणवलं, मनात कोणतं वाक्य आलं, मी काय केलं. प्रत्येकी एक ओळ पुरे. निबंध लिहिणारे पाचव्या दिवशी वही बंद करतात. चौदा दिवसांनी पान चाळलं की वेळ, माणूस किंवा विषय यांपैकी एक तरी पुन्हा पुन्हा आलेला दिसतो.

थांबायचं ते ४ ला. ७ च्या पुढे मेंदू युक्तिवाद ऐकत नाही, तुमचाही नाही.

भूक, थकवा यांचा खरंच एवढा संबंध असतो?

असतो, आणि ही सगळ्यांत स्वस्तात सुटणारी गोष्ट आहे. व्यसन सोडणाऱ्यांच्या बऱ्याच मीटिंगांमध्ये ‘हॉल्ट’ (HALT, इंग्रजी आद्याक्षरांवरून) शिकवतात : भूक, राग, एकटेपणा, थकवा. यांतल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की कोणताही महत्त्वाचा विषय काढायचा नाही, असा घरात नियम करा. पैशाचा विषय तर नाहीच.

जेवणात चार-पाच तासांपेक्षा मोठा खंड पडू देऊ नका. झोपेची वेळ पुढे-मागे झाली तरी उठण्याची वेळ एकच ठेवा. दारू सोडल्यावर झोप सावरायला काही महिने लागतात. ती मोडली म्हणून दुपारी दोन तास झोपलात तर रात्र पुन्हा जागून जाते.

चहा-कॉफीचं गणित मात्र फार जण चुकवतात. नशा सुटली की कप वाढतात. कॅफिन अंगातून निम्मं व्हायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर बंद. त्यात सिगारेट किंवा विडीही सोडली असेल तर आणखी एक भानगड असते. तंबाखूच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्यानं करत असतं. धूर थांबला की हा वेग मंदावतो आणि तेवढ्याच कपांतून रक्तात जवळपास दुप्पट कॅफिन साठू शकतं. हात थरथरतात, छाती धडधडते, चिडचिड होते, आणि दोष तंबाखू सोडण्यावर जातो. धूम्रपान सोडताना कप निम्मे करा. तंबाखू चघळणाऱ्यांना हे लागू नाही, कारण हा परिणाम धुराचा आहे, निकोटीनचा नाही.

राग आलाच, तर त्या मिनिटाला काय करायचं?

श्वास. चार मोजेपर्यंत नाकानं आत, सहा मोजेपर्यंत हळूहळू बाहेर. एक श्वास दहा सेकंदांचा, म्हणजे मिनिटाला सहा. पाच मिनिटं करायचं. बाहेर सोडणं लांब ठेवण्यालाच महत्त्व आहे, त्यानं हृदयाचे ठोके उतरतात. लोक इथे चुकतात ते खोल श्वासाच्या नावाखाली भराभरा छाती भरून घेण्यात. त्यानं चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, घाबरायला होतं आणि मग “हे माझ्यावर चालत नाही” असं ठरतं. श्वास पोटातून, थोडाच घ्यायचा. शांत असताना रोज दोनदा सराव केलेला नसेल तर रागात तो आठवणारही नाही.

आकडा ७ च्या वर गेला असेल तर गार पाणी जास्त लवकर काम करतं. बेसिनमध्ये किंवा पातेल्यात गार पाणी घ्या, श्वास रोखून डोळे आणि गाल बुडतील असा चेहरा १५ ते ३० सेकंद धरा. नाहीतर गार ओला टॉवेल डोळ्यांवर आणि गालांवर दाबा आणि श्वास रोखा. पाण्यात बुडी मारल्यावर ठोके मंदावण्याची शरीराची जी उपजत प्रतिक्रिया असते, तिचाच हा उपयोग. हृदयविकार असेल किंवा ठोके मुळात मंद असतील तर हे करू नका.

त्या मिनिटात न करायच्या गोष्टी : गाडी चालवणं, मेसेज पाठवणं, जिने चढून कुणाच्या तरी दारात जाणं. मेसेज लिहावासा वाटला तर नाव न टाकता नोट्समध्ये लिहा आणि २४ तासांनी वाचा. पाठवण्यासारखा क्वचितच निघतो.

भांडणातून उठून गेलो की घरचे म्हणतात, पळून गेला. टाइम आउट नक्की घ्यायचा कसा?

तुम्ही न सांगता उठून जाता म्हणून. ज्या घरात निघून जाणं म्हणजे प्यायला जाणं असा अर्थ वर्षानुवर्षं होता, तिथे दार लागल्याचा आवाजही धडकी भरवतो. म्हणून टाइम आउटचे नियम शांत दिवशी, दोघांनी मिळून ठरवायचे.

एक ठरलेलं वाक्य हवं : “माझा पारा चढतोय, मी तासाभरात परत येतो.” त्यात ‘माझा’ हवा. “तू मला डोकं फिरवायला लावतेस, मी जातो” हा टाइम आउट नव्हे, भांडणातला शेवटचा वार आहे. दुसऱ्या माणसानं अडवायचं नाही, मागे यायचं नाही, फोन करायचा नाही. कुठे जाणार तेही आधी ठरलेलं असावं : गच्ची, मोकळा रस्ता, शेजारची बाग. जिथे नशा मिळते त्या बाजूला पाय वळता कामा नयेत. खिशात पैसे कमीत कमी ठेवा.

वेळ किमान अर्धा तास. अंगात उसळलेलं ॲड्रिनलिन ओसरायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात, तेही मनात भांडण चालू ठेवलं नाही तर. चालताना “मी असं म्हणायला हवं होतं” याची उजळणी केली तर माणूस गेला त्यापेक्षा तापून परत येतो. म्हणून पावलं मोजा, समोर दिसणाऱ्या वस्तूंची नावं घ्या, स्पॉन्सरला, म्हणजे गटातल्या तुमच्या जुन्या, अनुभवी सोबत्याला, फोन करा.

आणि परत यायचं, सांगितलेल्या वेळेला. राग उतरला नसेल तरी येऊन सांगायचं, “अजून अर्धा तास हवाय.” सोडलेला विषय २४ तासांच्या आत पुन्हा काढायचा. लोक नेमका हाच भाग गाळतात. दोन-तीनदा विषय तसाच राहिला, की समोरच्याला कळतं टाइम आउट म्हणजे विषय बुडवायची युक्ती, आणि पुढच्या वेळी तो दारात आडवा उभा राहतो.

उशीवर बुक्के मारून, ओरडून राग बाहेर काढला तर?

नको. राग म्हणजे कुकरमधली वाफ, बाहेर काढली की संपली, ही समजूत फार जुनी आणि चुकीची आहे. २०२४ मध्ये १५४ अभ्यासांचा आणि दहा हजारांहून जास्त माणसांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वसन, ध्यान, स्नायू सैल करणं अशांनी, राग उतरल्याचं दिसलं. शरीर तापवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत उतरला नाही. व्यायाम जरूर करा, झोपेला आणि मनाला तो चांगलाच आहे. पण तो वेळापत्रकात बसवा, रागाच्या भरात नको.

जुने राग डोक्यातून जात नाहीत. भावानं फसवलं, बापानं मारलं. त्याचं काय?

ताजा राग पेटतो आणि विझतो, जुनी सल धुमसत राहते. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांच्या स्वमदत गटाच्या बारा पायऱ्यांतली चौथी पायरी मोठ्या प्रमाणात याच कामाची आहे. तुम्ही त्या वाटेचे नसलात तरी तिची पद्धत घेता येते.

कागदावर चार रकाने आखा. पहिल्यात नाव. दुसऱ्यात त्यानं काय केलं, एका वाक्यात, विशेषणं न लावता. तिसऱ्यात त्यामुळे माझं काय दुखावलं : पैसा, मान, सुरक्षितता, नातं. चौथ्यात माझा वाटा. चौथा रकाना पहिले तीन सगळ्या नावांसाठी पुरे झाल्याशिवाय भरू नका. नावागणिक भरत गेलात तर माणूस एकतर स्वतःला झोडपतो नाहीतर सारवासारव करतो.

काही नावांपुढे चौथा रकाना रिकामाच राहतो, आणि तो तसाच राहिला पाहिजे. लहानपणी मार खाल्लेल्या, अत्याचार सोसलेल्या माणसाचा त्यात काही वाटा नसतो. “तुझंही काही चुकलं असेल” असं कुणी म्हणालं, मग तो कितीही जुना सोबर, म्हणजे नशामुक्त, असो, तर ऐकू नका. हा भाग प्रशिक्षित समुपदेशकाबरोबर करा, आणि तोही नशामुक्ती थोडी स्थिरावल्यावर. पहिल्याच महिन्यात या जखमा एकट्यानं उघडणं धोक्याचं आहे.

यादी लिहून झाली की ती कुणाला तरी वाचून दाखवायची. ज्याचं नाव यादीत आहे त्याला नाही.

पण माझा राग बरोबर असेल तर? प्रत्येक वेळी मीच गप्प बसायचं?

नाही. रिकव्हरीत, म्हणजे व्यसनातून सावरण्याच्या काळात, हा गैरसमज फार बोकाळलाय, की सोबर माणसानं रागावू नये. गिळलेला राग टोमण्यांतून, उशिरा येण्यातून, अबोल्यातून बाहेर पडतो आणि एक दिवस बाटलीतून.

राग बरोबर असेल तर तो कामाला लावायचा. घटना सांगा, परिणाम सांगा, मागणी सांगा. “काल पाहुण्यांसमोर माझ्या पिण्याचा विषय निघाला. मला लाज वाटली. पुढे तो विषय आपल्या दोघांतच ठेवशील का?” यात ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ हे शब्द नाहीत, आणि मागणी एकच आहे. समोरचा नाही म्हणू शकतो, हे गृहीत धरून बोला. उत्तर ‘हो’च आलं पाहिजे, या अपेक्षेनं केलेली मागणी म्हणजे हुकूम.

सहा महिने झाले, घरचे अजून तोंडाचा वास घेतात. अपमान वाटतो.

वाटणारच. पण सहा महिने तुमच्या बाजूनं मोजलेले आहेत, त्यांच्या बाजूनं मधे दहा-बारा वर्षं आहेत. “आता शेवटची” हे वाक्य त्यांनी किती वेळा ऐकलंय ते आठवा.

वास घेण्यापेक्षा करार बरा. आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी श्वासतपासणी किंवा व्यसनमुक्ती केंद्रात लघवीची तपासणी, निकाल दोघांनी बघायचा, आणि एरवी प्रश्न विचारायचे नाहीत. तीन महिन्यांनी कराराचा फेरविचार. यात दोघांनाही काहीतरी मिळतं : त्यांना खात्री, तुम्हाला उरलेले पाच दिवस मोकळे.

आम्ही घरचे आहोत. जीव मुठीत धरून वावरतो. त्याला काहीच बोलायचं नाही का?

बोलायचं, पण वेळ बघून. तो ७ वर असताना समजावणं, रडणं, शपथ घालणं यातलं काही उपयोगाचं नाही. आवाज खाली ठेवा, वाक्यं लहान ठेवा, दाराच्या वाटेत उभे राहू नका. “शांत हो” म्हणू नका, त्या दोन शब्दांनी आजवर कुणी शांत झालेलं नाही. “आपण जेवल्यावर बोलू” हे चालतं.

“यापेक्षा पीत होतास तेव्हा बरा होतास” हे वाक्य कितीही ओठांवर आलं तरी गिळा. त्याच्या मनातला परवाना तुमच्या तोंडून निघतो.

मात्र तो चिडेल म्हणून घराचे सगळे नियम त्याच्या मूडवर टांगू नका. मुलांचा अभ्यास, पाहुणे, पैशाचे व्यवहार जसे ठरलेत तसे चालू द्या. आणि स्वतःसाठीही आधार शोधा : अल-ॲनॉनसारखे कुटुंबीयांचे गट असतात. तुमचाही राग साचलेला आहे. व्यसन सुटल्याच्या पहिल्या वर्षात तो बाहेर येतो, कारण आतापर्यंत तो काढायला सवडच नव्हती.

जेवणातून गुपचूप औषध दिलं तर?

देऊ नका. दारू सोडवण्यासाठी वापरतात त्या डायसल्फिरमवर दारू प्यायली गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. जीवही जाऊ शकतो. शेवटच्या गोळीनंतरही दोन आठवड्यांपर्यंत हा परिणाम होऊ शकतो. म्हणून ते पिणाऱ्याला माहीत असताना, त्याच्या संमतीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात. फसवणूक उघडकीला आल्यावर जो राग येतो, तो या पानावरच्या कुठल्याही उपायानं लवकर उतरत नाही.

हात उचलला गेला, तर?

इथे रागाचा विषय संपतो आणि सुरक्षिततेचा सुरू होतो.

मारणाऱ्यानं स्वतःला एक प्रश्न विचारावा : कामावर वरिष्ठ अपमान करतो तेव्हाही असाच हात उठतो का? तिथे आवरतो आणि घरी आवरत नाही, तर ताबा आहे, तो फक्त वापरला जात नाही. अशा वेळी रागाचा वर्ग पुरेसा नसतो, हिंसेवर वेगळं काम लागतं. नशा सुटली की मारहाण आपोआप थांबते असंही नाही.

घरच्यांसाठी : महत्त्वाची कागदपत्रं, थोडे पैसे, औषधं आणि एक किल्ली एका पिशवीत, घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे ठेवा. भांडण सुरू झालं तर स्वयंपाकघरातून आणि कोंडीच्या जागेतून बाहेर पडा. गळा दाबणं, शस्त्र दाखवणं, मुलांवर हात टाकणं यातलं एकदाही घडलं तर दुसऱ्या वेळेची वाट पाहू नका, निघा आणि पोलिसांची मदत घ्या. मारहाण चालू असताना दोघांनी एकत्र समुपदेशनाला बसू नये. तिथे खरं बोलल्याची किंमत घरी मोजावी लागते.

रागाच्या भरात बोललो त्याची माफी कशी मागू?

लवकर, थोडक्यात आणि ‘पण’ न वापरता. काय केलं ते नाव घेऊन सांगा, त्याचा समोरच्यावर काय परिणाम झाला ते सांगा, पुढे काय वेगळं करणार ते सांगा. “मग, केलंस ना माफ?” असं विचारू नका. फोडलेली वस्तू आणून द्या, बुडवलेले पैसे हप्त्यानं का होईना फेडा. जुन्या मोठ्या चुकांची भरपाई ही वेगळी गोष्ट आहे, बारा पायऱ्यांत ती आठव्या-नवव्या पायरीवर येते, पहिल्या महिन्यात नाही. आणि ती केल्यानं समोरच्याला किंवा तिसऱ्या कुणाला इजा होणार असेल तर करायची नाही, असं त्या पायरीतच म्हटलंय.

रागावर गोळी नसते का?

फक्त रागासाठी अशी नसते. मुळाशी नैराश्य, चिंता किंवा दुसरा आजार असेल तर त्याची औषधं असतात, आणि त्यांनी राग उतरतो. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं चिंतेच्या किंवा झोपेच्या गोळ्या घेणं टाळा : त्यांचीही सवय लागते, त्या दारूसारख्याच यंत्रणेवर काम करतात, आणि काही जणांत उलट ताबा सुटतो. झटक्यांसाठी दिलं जाणारं लेव्हेटिरासिटॅम काहींना खूप चिडचिडं करतं. नवं औषध सुरू झाल्यावर राग वाढला असेल तर तारीख जुळवून डॉक्टरांना सांगा, आपणहून बंद करू नका.

हा नुसता राग नाही, वेगळा आजार आहे, हे कसं ओळखायचं?

पुरुषांत नैराश्य बऱ्याचदा रडण्याऐवजी चिडचिडीच्या रूपात दिसतं. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नाही, झोप आणि भूक बिघडलेली, जगण्याचा कंटाळा, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जीव देण्याचे विचार असतील तर आजच. झोपेची गरजच वाटत नाही, बोलणं थांबत नाही, पैसे उधळले जातात आणि अडवलं की राग येतो, हे चित्र द्विध्रुवी विकाराचं असू शकतं. दचकणं, भयानक स्वप्नं, ठरावीक वासानं किंवा आवाजानं पेटणारा राग जुन्या आघाताकडे बोट दाखवतो.

शरीराच्या काही खुणा दिसल्या तर थांबूच नये. यकृत खराब असलेला माणूस दिवसा पेंगतो, रात्री जागतो, विचित्र चिडतो, हात पुढे धरले की फडफडतात : यकृताच्या बिघाडाचा मेंदूवर परिणाम होतोय. गोंधळ, चालताना तोल जाणं आणि डोळ्यांची हालचाल बिघडणं हे बी-१ जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेचं लक्षण असू शकतं, त्यावर तातडीनं उपचार लागतात. पूर्वी कधी पडून डोक्याला मार लागला असेल आणि काही आठवड्यांनी डोकेदुखीसह स्वभाव बदलला, तर डोक्याचा स्कॅन हवा. दीर्घकाळ पिणाऱ्यांत कवटीखाली हळूहळू रक्त साचण्याचा धोका जास्त असतो. मधुमेही माणूस अचानक घामाघूम होऊन भांडू लागला तर आधी साखर तपासा.

समुपदेशकाचाच राग येतो. मीटिंगलाही जावंसं वाटत नाही.

त्यांच्यासमोरच सांगा. ही सर्वांत सुरक्षित जागा आहे सराव करायला. गट बदलायचा असेल तर बदला, पण नवा गट सापडल्यावर जुना सोडा. मधला रिकामा पंधरवडाच घात करतो.

रागात एकदा घेतलंच. आता?

उरलेलं ओतून टाका आणि एकटे राहू नका. “आता मोडलंच आहे, तर आज पूर्ण” हा विचार पहिल्या घोटापेक्षा जास्त नुकसान करतो. हेरॉइन किंवा अफूजन्य पदार्थ असतील तर धोका जिवाचा आहे : काही आठवड्यांच्या खंडानंतर शरीराची सहनशक्ती उतरलेली असते, आणि पूर्वीचाच डोस श्वास थांबवू शकतो. माणूस जागा होत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, ओठ निळे पडत असतील तर तातडीची वैद्यकीय मदत बोलवा. नॅलोक्सोन (अफूजन्य पदार्थांवरचा उतारा) हाताशी असेल तर द्या, आणि त्याला एका कुशीवर वळवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी, अंगातली नशा उतरल्यावर, वही काढा आणि आदल्या ४८ तासांचे आकडे भरा. राग ४ वर कधी पोचला, त्या वेळी काय खाल्लं होतं, किती झोप झाली होती, परवान्याचं वाक्य कधी उमटलं आणि फोन कुणाला करायचा राहिला. हे पान फाडू नका. समुपदेशकाकडे जाताना सोबत न्या.